परग्रहावर जीव ‘सापडला’ असं कधी म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी नावाच्या ग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा मिळाल्याची बातमी आली. थोड्याच दिवसांत दुसरे शास्त्रज्ञ म्हणाले, तसं काही नाही. माझी मुलगी दहावीत आहे. ती विचारते, ‘बाबा, मग आहे की नाही?’ तिला काय सांगू? तुम्ही मंडळी सरळ उत्तर का देत नाही?”

तिला आज रात्रीच सांगता येईल असं उत्तर आधी देते. पृथ्वीबाहेर जीव असल्याचा पक्का पुरावा आजवर एकही मिळालेला नाही. कुठेच नाही, असंही कुणी दाखवलेलं नाही, आणि ते दाखवणं जवळपास अशक्यच आहे. कुठेतरी असावा असं मला मनापासून वाटतं. पण वाटणं वेगळं आणि सापडणं वेगळं. तुमचा प्रश्न वाचताना मला जाणवलं की ‘आहे की नाही’ यापेक्षा ‘आज हो, उद्या नाही असं का होतं’ हे तुम्हाला जास्त खुपतंय. म्हणून त्यावरच सविस्तर लिहिते.

मी खगोलशास्त्रज्ञ नाही. सूक्ष्मजीवशास्त्रातली आहे. खाऱ्या आणि क्षारीय पाण्यातले जीवाणू शोधणं, वाढवणं, ओळखणं हे माझं गेल्या चोवीस वर्षांचं काम. दुर्बिणीतल्या बारकाव्यांवर अधिकाराने बोलणारे लोक दुसरे आहेत. पण ‘इथे जीव आहे’ हे वाक्य कशाच्या बळावर उच्चारायचं, हा प्रश्न मात्र माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत लोणार सरोवराच्या काठचा चिखल आणून आम्ही त्यातला डीएनए काढत होतो. एका खेपेला एक असा जीवाणू मिळाला, जो इतक्या क्षारीय पाण्यात असायलाच नको होता. आम्ही दोघी-तिघी हरखून गेलो. लेखाचा मसुदासुद्धा लिहायला घेतला. मग आमच्या वरिष्ठांनी विचारलं, “ब्लँक बघितलात का?” ब्लँक म्हणजे ज्या नळीत चिखल घातलेलाच नाही, पण बाकी सगळं तेच: तेच पाणी, तीच रसायनं, त्याच पायऱ्या, तेच हात. ती नळी आम्ही ठेवली होती, पण तपासायची राहिली होती. तपासली, तर त्यातही तोच जीवाणू. तो लोणारचा नव्हताच. डीएनए काढायच्या किटमधल्या रसायनांतून आला होता. तीन महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. तेव्हापासून मी ब्लँक आधी बघते आणि नमुना मागून. माझ्या विद्यार्थ्यांनाही हेच सांगते, आणि परग्रहांच्या बातम्याही मी याच डोळ्यांनी वाचते: यांच्या हातात ब्लँक काय होता?

तुम्हाला वाटेल, अवकाशातल्या दगडांशी याचा काय संबंध? फार जवळचा आहे. जपानच्या हायाबुसा-२ यानाने रयुगू या लघुग्रहावरची माती डिसेंबर २०२० मध्ये पृथ्वीवर आणली. ती किती सोवळ्यात ठेवली असेल याची कल्पना करा: बंद डबे, नायट्रोजन, निर्जंतुक हत्यारं. त्यातला एक कण लंडनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली गेला तेव्हा त्यावर काड्यांसारखे आणि धाग्यांसारखे आकार दिसले. बातमी करायला एवढं पुरे झालं असतं. पण त्या गटाने घाई केली नाही. दिवसांमागून दिवस ते आकार मोजले. ते आधी वाढत गेले, मग कमी झाले. एखाद्या ताटलीतली जीवाणूंची वसाहत वाढते आणि ओसरते तसे. २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की हे पाहुणे पृथ्वीवरचे आहेत, नमुना उघडल्यानंतर चढलेले. मला ते काम फार आवडतं. ‘सापडलं’ म्हणण्याचा मोह समोर असताना त्यांनी ‘आपलंच आहे’ हे सिद्ध करायला कष्ट घेतले.

यानं जिथे जुळवली जातात त्या स्वच्छ खोल्यांतही जीवाणू असतात. टर्सिकॉकस फीनिसिस नावाचा जीवाणू फ्लोरिडा आणि फ्रेंच गयाना इथल्या दोन वेगवेगळ्या स्वच्छ खोल्यांत मिळाला. जिथे खायला जवळजवळ काही नाही आणि सतत पुसापुशी चालते, तिथे तो टिकून होता. म्हणजे आपण मंगळावर जीव शोधायला जे यंत्र पाठवतो, त्याला चिकटून आपलाच जीव तिथे जाण्याची भीती असते.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून जवळचं. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक मोठा फुगा सोडला गेला. इस्रोच्या या प्रयोगाचं नेतृत्व डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे होतं. जमिनीपासून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक पोलादी नळ्यांत भरून खाली आणली आणि हैदराबादची सीसीएमबी व पुण्याची एनसीसीएस अशा दोन संस्थांत वेगवेगळी तपासली. जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांत जीवाणूंच्या तीन जाती विज्ञानाला नव्या होत्या आणि आपल्या जवळच्या नातलगांपेक्षा अतिनील किरणांना जास्त दाद न देणाऱ्या होत्या. एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. २००९ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा इस्रोने त्याच निवेदनात स्पष्ट लिहिलं की यावरून हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं ठामपणे सिद्ध होत नाही. बरेच लोक हे वाक्य विसरतात आणि फक्त ‘आकाशातले जीवाणू’ लक्षात ठेवतात. वरून खाली आले की खालून वर गेले, हे नुसत्या उंचीवरून ठरत नाही. जात नवी असणं हाही परकेपणाचा पुरावा नाही. घरामागची मूठभर माती आणून दिलीत तरी त्यात नाव नसलेले जीवाणू निघतील. आणि या तिघांचं नातं थेट आपल्या मातीतल्या जीवाणूंशी लागतं. हा प्रयोग मी तरुण मुलांना नेहमी सांगते. प्रश्न धाडसी विचारायचा आणि उत्तर मोजून द्यायचं, हे दोन्ही त्यात एकत्र आहे.

आता तुमच्या के२-१८बी कडे येते. सिंह तारकासमूहात, सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर एक लहान लाल तारा आहे. त्याभोवती हा ग्रह ३३ दिवसांत फेरी मारतो. वजन पृथ्वीच्या साधारण साडेआठपट. ग्रह स्वतः आपल्याला दिसत नाही. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडासा प्रकाश त्याच्या वातावरणातून गाळून येतो. कोणत्या रंगाचा प्रकाश किती कमी झाला यावरून तिथे कोणते वायू असतील याचा अंदाज बांधतात. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदींत डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या एका रेणूची चाहूल लागली. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. म्हणून तो जीवाची खूण.

बातम्यांत छापून आलं, ‘९९.७ टक्के खात्री’. इथेच घोळ झाला, आणि यात तुमची काही चूक नाही. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की नुसत्या गोंगाटातून असा संकेत उमटण्याची शक्यता हजारात तीन आहे. ‘तिथे जीव असण्याची शक्यता ९९.७ टक्के’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. संकेतापासून जीवापर्यंत तीन उड्या आहेत. पहिली, संकेत खरा आहे का? इतरांनी तेच आकडे घेऊन पुन्हा हिशेब केला तेव्हा साधी सपाट रेषाही, म्हणजे ‘कोणत्याच वायूची खूण नाही’ असं उत्तरही, त्यांना पुरेसं जुळलं. दुसरी, संकेत खरा असला तरी तो याच रेणूचा कशावरून? याच ग्रहावर २०१९ मध्ये पाण्याची वाफ मिळाल्याचं जाहीर झालं होतं. २०२३ मध्ये वेबने पाहिलं तेव्हा ती खूण मिथेनची निघाली. तिसरी, रेणू तोच असला तरी तो जीवानेच बनवला कशावरून? हाच वायू ६७पी या धूमकेतूवर मिळाला आहे, आणि तिथे समुद्र नाही, शेवाळ नाही. प्रयोगशाळेतही साध्या वायूंवर प्रकाश टाकून तो बनवता आला आहे.

माझ्या भाषेत सांगायचं तर के२-१८बी ला ब्लँक नाही. ‘अगदी असाच ग्रह, पण जीव नसलेला’ असा दुसरा ग्रह आपल्याकडे तुलनेला असता तर दोन्ही शेजारी ठेवून पाहता आले असते. तो नाही. म्हणून निर्जीव ग्रहाचं रसायन कसं असेल हे कागदावर आणि संगणकावर मांडावं लागतं, आणि आपलं तेवढं रसायन अजून पक्कं नाही. त्या ग्रहाला मुळात जमीन किंवा समुद्र आहे का, यावरही एकमत नाही. मधुसूदन यांच्या गटाने प्रकाशित केलं यात मला काही गैर वाटत नाही. त्यांनी आणखी निरीक्षणं हवीत असंच म्हटलं होतं. इतरांनी ते तपासलं हेही योग्यच. तुम्हाला जी कोलांटउडी वाटली, ती आमच्याकडची नेहमीची तपासणी आहे. फक्त पूर्वी ती बंद दाराआड चालायची आणि आता सगळ्यांसमोर चालते.

अशी तपासणी कधीकधी वर्षानुवर्षं चालते. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधल्या एका जीवाणूबद्दल दावा झाला की तो फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून जगतो. मोनो लेक लोणारसारखंच क्षारीय आहे, म्हणून आमच्या प्रयोगशाळेत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पुढे कळलं, खाद्यात वापरलेल्या क्षारांत फॉस्फरसचा अगदी किंचित अंश होता आणि त्या जीवाणूला तेवढा पुरत होता. पुन्हा तेच: नळीत आपण न घातलेलं काहीतरी होतं. नियतकालिकाने तो लेख मागे घेतला तो २०२५ मध्ये, पंधरा वर्षांनी.

मग नमुना हातात असला की काम सोपं होतं का? बरंच होतं. म्हणून माझं लक्ष दूरच्या ग्रहांपेक्षा मंगळाकडे जास्त असतं. जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स गाडीला जेझेरो विवरात, एका जुन्या नदीच्या पात्रात, बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके असलेला दगड मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा सविस्तर लेख आला. ठिपक्यांत लोहाचं फॉस्फेट आणि लोहाचं सल्फाइड आहे, सोबत सेंद्रिय कार्बन आहे. हे वाचताना मला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. तळ्याच्या तळाशी, जिथे हवा पोचत नाही, तिथे जीवाणू लोह आणि सल्फेट ‘श्वासात’ वापरतात आणि मागे हेच पदार्थ उरतात. लोणारच्या काठावर चिखलात पाय रुतला की जो काळा थर वर येतो आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो, तो याच कामाचा. पण जीवाशिवायही ही खनिजं बनू शकतात, उदाहरणार्थ मोठ्या उष्णतेत. तो दगड तितका तापल्याच्या खुणा दिसत नाहीत, म्हणून शक्यता जिवंत आहे. तरी लेखकांनी ‘संभाव्य खूण’ एवढंच म्हटलं. दगडाचा नमुना एका नळीत बंद करून ठेवला आहे. ती नळी पृथ्वीवर कधी येईल याचं वेळापत्रक आज ठरलेलं नाही, आणि या गोष्टीचं मला खरोखर वाईट वाटतं. तो नमुना टेबलावर आला तर किती गोष्टी करता येतील! गंधकाचे समस्थानिक, म्हणजे त्याचे हलके-जड अणू, मोजता येतील. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, मिळालीच तर ती डावी की उजवी हे बघता येईल; आपल्या दोन हातांसारखी त्यांची एकमेकांची आरशातली रूपं असतात. जीव बहुतेक एकाच बाजूची, डावी अमिनो आम्लं वापरतो. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आलेल्या मातीत आपल्या प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं मिळाली, पण डावी-उजवी जवळपास समसमान. म्हणजे सामान आहे, स्वयंपाकी नाही.

इथवरचं थोडक्यात: वायू, खनिज किंवा आकार यांतलं एकटं काहीच पुरेसं नसतं. तीन-चार वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचावं लागतं, आणि जीवाशिवायची प्रत्येक वाट बंद झाल्याचं दाखवावं लागतं.

आता शक्यतेबद्दल. ‘लोणारसारख्या ठिकाणी जीव राहतो, मग मंगळावर का नाही?’ असं मला व्याख्यानानंतर हमखास विचारतात. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेलं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, पाण्याचा सामू १० च्या आसपास. मंगळासारखा खडक आपल्याला जवळच मिळतो, हे खरं. जून २०२० मध्ये पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि सगळं सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे मीठप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. एकाला नकोसं झालं की दुसरा लगेच पसरतो. पण यातला एक बारकावा कळायला मलाही बरीच वर्षं लागली. लोणारमधला प्रत्येक जीव आपल्याच वंशवृक्षाची फांदी आहे. तो तिथे जन्माला आला नाही. आधीपासून असलेला जीव तिथे येऊन रुळला. म्हणजे लोणार एवढंच सांगतं की एकदा सुरू झालेला जीव कुठेही तग धरतो. तो सुरू होणं सोपं की दुर्मीळ, यावर लोणार गप्प आहे. पृथ्वीवरचे सगळे जीव एकाच पूर्वजाचे, एकच जनुकीय लिपी वाचणारे. एकाच उदाहरणावरून टक्केवारी काढता येत नाही. ग्रह कितीही असोत. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीचे ६,००० हून अधिक ग्रह आज नोंदले गेले आहेत. पण जीव सुरू होण्याची शक्यता माहीत नसेल तर तो आकडा गुणायचा कशाने?

म्हणूनच मला सगळ्यात जास्त ओढ शनीच्या एन्सेलॅडस चंद्राची आहे. जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा बर्फाळ गोळा. त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून पाण्याचे फवारे उडतात आणि कॅसिनी यान त्यांतून गेलं होतं. हायड्रोजन मिळाला, सेंद्रिय रेणू मिळाले, २०२३ मध्ये जुन्या नोंदींतून फॉस्फेटही निघालं. खाद्य आहे, ऊर्जा आहे, पाणी आहे. मंगळावर जीव मिळाला तर एक शंका कायम राहील की तो आणि आपण एकाच घरचे असू, कारण मंगळाचे दगड पृथ्वीवर पडत आले आहेत. १८६५ मध्ये बिहारमध्ये शेरघाटीला पडलेला दगड मंगळाचाच होता. एन्सेलॅडस इतका लांब आहे की तिथला जीव बहुधा स्वतंत्र सुरू झालेला असेल. एकाच सूर्याभोवती दोनदा, असं दिसलं तर मग विश्वात तो जागोजागी असणार. गुरूच्या युरोपा चंद्राकडे युरोपा क्लिपर यान निघालं आहे, २०३० मध्ये पोचेल. ते थेट जीव शोधणार नाही; तिथे जगता येईल का ते बघणार आहे.

माझा कौल विचाराल तर: सूक्ष्मजीव, होय, कुठेतरी असावेत. आपल्या सूर्यमालेत, सांगता येत नाही, पण शोधायला हवंच. आपल्याशी बोलू शकणारे जीव, त्याबद्दल मी फारशी आशा धरत नाही. पृथ्वीवर साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी सूक्ष्मजीव होते, आणि त्यापुढचा बहुतेक सारा काळ इथे फक्त सूक्ष्मजीवच होते. पहिली अब्जभर वर्षं तर हवेत ऑक्सिजनही साठला नव्हता. दुरून कुणी वेबसारखी दुर्बीण लावली असती तर त्याला पृथ्वी कदाचित निर्जीव वाटली असती. आमच्या ‘नाही दिसलं’ या वाक्यालाही एवढीच किंमत द्या.

मुलीला नुसतं सांगू नका, तिच्या हाताने करू द्या. तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठचा काळा चिखल आणा. त्यात वर्तमानपत्राचे बारीक कपटे, उकडलेल्या अंड्याचा बलक आणि त्याच्याच कवचाचा चुरा कालवा. मिश्रण काचेच्या दोन उंच बरण्यांत अर्ध्याहून जास्त भरा, वर तळ्याचंच पाणी घाला. एक बरणी तशीच ठेवा. दुसरी, झाकण सैल ठेवून, कुकरमध्ये अर्धा तास शिजवा. असं ओळीने तीन दिवस करा, म्हणजे पहिल्या दिवशी तगलेले बीजाणूही मरतील. दोन्ही बरण्या खिडकीत ठेवा, भर उन्हात नको. दर रविवारी तिला दोन्हींचं चित्र काढायला सांगा, रंगांसकट. सहा-आठ आठवड्यांत पहिल्या बरणीत हिरवे, जांभळट आणि काळे थर चढतील. काळा थर लोह-सल्फाइडचा, मंगळावरच्या त्या ठिपक्यांतल्या खनिजाचा भाऊबंद. दुसऱ्या बरणीत काय होतं ते मी सांगत नाही, तिलाच लिहू द्या. मात्र झाकणं शेवटपर्यंत सैलच ठेवा. आत वायू धरतो, आणि वासही येतो, तेव्हा खिडकी स्वयंपाकघराची नसलेली बरी.